पहिलं बोट आक्काचं

माझी थोरली बहीण खोटं बोलते, असं मी दोन वर्षं चारचौघांत म्हणत होतो. ती खोटं बोलत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगता सांगता माझा मलाच राग येतो आणि मग मी इकडचं तिकडचं बोलत बसतो. मास्तरकीची खोड आहे ही. मुद्द्यावर यायच्या आत तास संपतो.

आक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर ती मुरुमला आमच्याकडं राहायला आली, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेला आणि आता घरात शिकवायला कुणी उरलं नव्हतं. मुलगा पुण्यात. बायको माझं कधीच ऐकत नव्हती, ते तिनं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच ठरवलं असावं. आक्का मात्र मान खाली घालून ऐकायची. त्यामुळं माझी सगळी विद्या तिच्यावर पडली.

आल्यानंतर वर्षभरात तिला शुगर निघाली. लई थकवा येतोय म्हणाली म्हणून डॉक्टरांकडं नेलं, तर रक्तात साखर वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या. मुलानं पुण्याहून साखर तपासायचं मशीन पाठवलं. पेनासारखी एक नळी, तिच्यात बारीक सुई बसवायची, बोटाच्या टोकाला टेकवून खटका दाबायचा, आलेला रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा की मशीनवर आकडा येतो. मला प्रयोगशाळाच परत मिळाल्यासारखं झालं.

आधी आक्काची तपासली, मग बायकोची, मग माझी. मग शेजारच्या शिंप्यानं विचारलं, गुरुजी, माझीबी बघता का? बघता बघता दर रविवारी सकाळी उपाशीपोटी आठ-नऊ माणसं माझ्या व्हरांड्यात बसू लागली. पट्टी ज्याची त्यानं आणायची. मशीन माझं, पेन माझं आणि सुई माझी. एका डबीत भरपूर सुया आल्या होत्या, पण मी खडूचा शेवटचा तुकडासुद्धा नखात धरून लिहिणारा माणूस. चांगली धारदार सुई एकदा टोचून फेकून द्यायची, हे मला पटेना. सुई बोथट होईपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, मी तीच चालवायचो. प्रत्येकाच्या बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवायचो, सुईच्या टोकालाही फिरवायचो, आणि झालं निर्जंतुक असं स्वतःच स्वतःला सांगायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी सुई.

आणि नवी सुई असो की जुनी, पहिलं बोट आक्काचं. आमच्याकडं कुठल्याही गोष्टीत थोरल्या माणसाचा मान आधी. पंगत असो, आहेर असो, नाहीतर सुई असो. शिंप्याला घाई असायची, तरी तो म्हणायचा, आधी आक्काला घ्या, मग आमी. आक्का पदर सावरून पुढं यायची, डोळे मिटून बोट द्यायची. तिच्यानंतर सगळे. त्या मानाचा मला कोण अभिमान वाटायचा.

आकडे मी मोठ्यानं वाचायचो, निकाल वाचावा तसे. शिंपी पास, त्याची बायको काठावर पास, आक्का नापास. सगळे हसायचे, आक्काही थोडं हसायची. पण तिची साखर खाली येईना. गोळ्या वाढवल्या, तरी येईना. भात बंद केला, बटाटा बंद केला, चहातली साखर तर पहिल्याच दिवशी गेली होती. दीड भाकरी आणि पालेभाजी यावर ती दिवस काढायची आणि रविवारी आकडा पुन्हा तिथंच. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याचा एकच अर्थ दिसला. ही चोरून खाते.

येळवशीची गोष्ट मला विसरता येत नाही. येळवस म्हणजे आमच्या भागातली मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात जेवायला. आम्ही शेजाऱ्यांच्या शेतात गेलो होतो. कडब्याची खोप, आत पूजा, पुढं पंगत, आंबील, डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आणि गूळ घातलेली गव्हाची खीर. शेजाऱ्यांची सून वाढत होती. ती माहेरचीही याच गावची, सातवीत माझ्या वर्गात होती, अजूनही मला सर म्हणते. तिनं आक्काच्या पानात पळीभर खीर वाढली. मी पंगतीतून उठलो, ती खीर उचलून माझ्या पानात घेतली आणि म्हणालो, "हिला वाढू नका. ही आपली आपण घेती घरी, कुणी बघत नसताना."

पंगत हसली. आक्कानं आंबिलीचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्या रविवारी तिची साखर आणखी वाढलेली निघाली. मी विचारलं, "आता बोल. डबा कुठं लपवलाय?"

"म्या न्हाय खाल्लं रं," ती म्हणाली. एवढंच.

दुपारी ती देवळात गेली असताना मी तिची पत्र्याची पेटी उघडली. सत्तरी ओलांडलेल्या बाईची पेटी. दोन लुगडी, नवऱ्याचा चष्मा, माझ्या मुलाच्या बारशाचा फोटो. गूळ नव्हता, पेढा नव्हता, साखरेचा कणसुद्धा नव्हता. माणसानं अशा वेळी लाजायला पाहिजे होतं. मला काही सापडलं नाही याचा रागच आला. ही फार हुशारीनं लपवते, असं मी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "तुमी आधी त्या पेटीचं झाकण लावा." आक्काचा थकवाही वाढत चालला होता. दुपारी ती भिंतीला टेकून बसून राहायची. त्याला मी आळस म्हणायचो, आणि चालायला पाठवायचो.

मग तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उमरग्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या सगळ्या तपासण्या करतात. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. आक्काच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला होता. डोळ्याचं नंतर बघू, आधी सोलापूरला पोटाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या.

सोलापूरचे डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी आक्काला समोर बसवून, तिला कळेल असं सांगितलं. हा एक विषाणू आहे, रक्तातून जातो आणि यकृतात मुक्काम ठोकतो. वीस-वीस वर्षं काही कळत नाही, फक्त थकवा येतो. कधी ऑपरेशन झालं होतं का? झालं होतं. फार पूर्वी गर्भपिशवी काढली, तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. तिथूनही आला असेल, डॉक्टर म्हणाले, आता सांगता येणार नाही. मग त्यांनी तिची साखरेची कागदपत्रं चाळली.

"आजी, साखर काही केल्या उतरत नाही ना?"

"न्हाय उतरत," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "म्या गोड खात न्हाय, डॉक्टरसाहेब."

"खात नसालच," ते म्हणाले. "हा आजार असला की यकृत बिघडतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण पुष्कळांची साखर यानंच वाढते. तुम्ही उपाशी राहिलात तरी ती वाढेल. तीन महिने गोळ्या घ्या, आजार बहुतेक जाईल. मग साखरही आटोक्यात यायला मदत होईल, बघू."

तोंडात मारल्यासारखं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही दर रविवारी.

पण खरी गोष्ट पुढं आहे. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "घरी साखर तपासता ना? सुई कुणाकुणात वापरता? हिची सुई दुसऱ्या कुणाला टोचायची नाही. तशी टोचली असेल तर त्या सगळ्यांची रक्त तपासणी करून घ्यावी लागेल."

मी म्हणालो, "हिची सुई वेगळी आहे."

तोंडातून गेलंच ते. विचार करायला वेळ मिळाला नाही असंही म्हणणार नाही, चांगला श्वासभर वेळ मिळाला होता. आक्का शेजारीच बसली होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघितलं. एसटीत बसल्यावर, नळदुर्गच्या पुढं कधीतरी, हळूच म्हणाली, "रविवारची सुई तर एकच हाय की रं."

"गप बस," मी म्हणालो.

नव्या सुईचा मान तिला द्यायचो, म्हणजे महिनाभर त्या सुईवर पहिलं रक्त तिचं असायचं. मागून शिंपी, त्याची बायको, शेजारी, माझी बायको, मी. आणि ती सून. तिला तर साखरही नव्हती. एका रविवारी आक्कासाठी दूध घेऊन आली होती, मीच म्हटलं, ये गं, तुझीबी बघू, विज्ञानाला घाबरायचं नसतं. मग ती अधूनमधून हौसेनं बोट पुढं करायची. सातवीच्या वर्गात मी या मुलीला जंतू, रक्त आणि उकळलेली सुई शिकवली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सोलापूरहून आल्यावर पहिल्या रविवारी मी सांगितलं, मशीनचा सेल गेलाय. दुसऱ्या रविवारी म्हटलं, नवा सेल पुण्याहून यायचाय. माझी आणि बायकोची रक्ताची तपासणी मात्र सोलापूरला जाऊन गुपचूप करून आलो. आम्ही दोघंही स्वच्छ निघालो. त्यावर मी मनाशी म्हटलं, आपल्याला नाही म्हणजे कुणालाच नसणार. असला तर्क माझ्या वर्गात कुणी मांडला असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आक्काच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या, आणि आमच्या गावात गोळ्यांच्या आधी बातमी पोचते. आक्काला काविळीचा मोठा आजार झालाय, रक्तात गेलाय. उन्हाळा होता. गल्लीत पापड-कुरडयांचे दिवस. दरवर्षी आक्काच्या हाताला बोलावणं असायचं, कुरडयांचा चीक तिच्यासारखा कुणाला शिजवता यायचा नाही. त्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही. समोरच्या गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या आणि आक्का दारात उभी राहून बघत होती. शिंप्याची बायको आली तर उभ्या उभ्या बोलून गेली, पाणी घेतलं नाही.

मी एक वाक्य बोललो असतो तर हे सगळं थांबलं असतं. हा आजार शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, तिच्या हातचं पाणी प्यायल्यानं होत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. पण हे सांगितलं की पुढचा माणूस विचारणार, मग कशानं होतो, गुरुजी? आणि त्याचं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात होतं. म्हणून मी गप्प राहिलो. तीन आठवडे बहिणीला वाळीत पडू दिलं, माझी सुई झाकावी म्हणून.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो तर आक्का मागच्या दाराशी बसून जेवत होती. वेगळी थाळी, वेगळा पेला. पेल्याला तिनं लाल दोरा बांधला होता, कुणी चुकून घेऊ नये म्हणून.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"कुणी न्हाय. माझ्यामुळं कुणाला व्हायला नको," ती म्हणाली. मग हळूच, "आन् हे बघ, कुणी विचारलंच तर म्या सांगीन. म्हणंन, माझ्या भावाला ठावं नव्हतं, म्याच आजार लपवला. तुझं नाव चांगलं हाय गावात."

मी तिथंच पायरीवर बसलो. रडलो म्हणायला हरकत नाही. तिच्यावर चोरीचा आळ मी घेतला होता तो खोटा होता. आता ती माझ्यासाठी खरोखर खोटं बोलायला तयार झाली होती.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना निरोप धाडला. उपाशीपोटीच आले बिचारे, पट्ट्या घेऊन. मी सगळं सांगितलं. सेल गेला नव्हता हेही सांगितलं. आक्काच्या बोटाला टोचलेली सुई मी तुमच्या बोटांना टोचली, तीच, महिनोन्‌महिने. बोळा फिरवून जंतू मरतात असं मला वाटलं, नव्हे, वाटून घेतलं. हा आजार तिच्या हाताला शिवून कुणाला होणार नाही. माझ्या हातून मात्र झाला असू शकतो. तपासणी करून घ्या. निघाला तर औषध आहे, बरा होतो.

शिंपी आपल्या बोटाकडं बघत बसला. त्याची बायको उठून गेली. शेवटी ती सून बोलली, आवाज न चढवता. "सर, सातवीत तुम्ही मला सुई उकळायला लावली होती. काटा काढायची. म्या नुसती पुसली म्हणून छडी मारली होती."

मला ती छडी आठवत नव्हती. तिला आठवत होती.

मी सगळ्यांना घेऊन उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. दोन खेपा झाल्या. सात जणांपैकी सहा जण स्वच्छ निघाले. सातवी ती. डॉक्टर म्हणाले, हिचं सिझर झालंय, इंजेक्शनं पुष्कळ झाली आहेत, तुमच्या सुईतूनच आला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. त्यांनी माझी समजूत घालण्यासाठी सांगितलं असेल. पण तुमच्या सुईतून आला नाही, असंही त्यांनी सांगितलं नाही. मला जन्मभर या दोन वाक्यांच्या मधेच राहायचं आहे.

तिच्या सासरी मी स्वतः जाऊन बोललो. तिच्या सासूनं मला बसा म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. तिच्या गोळ्या चालू आहेत. दर महिन्याला तिच्या नवऱ्याबरोबर मीही दवाखान्यात जातो, रांगेत उभा राहतो, कागद पुढं करतो. तिचं एक लेकरू तिसरीत आहे. परवा रांगेत तिनं मला विचारलं, "सर, याच्यामुळं मलाबी आक्कासारखी शुगर होईल का?" मी म्हणालो, वेळेवर कळलंय, बहुतेक नाही होणार. शिक्षक असताना मी कधी बहुतेक म्हणत नव्हतो.

रविवारची तपासणी बंद झाली. मशीन आता एकट्या आक्कासाठी निघतं, आणि प्रत्येक वेळी नवी सुई, वापरली की झाकणाच्या डबीत. तिच्या तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या, मग आणखी तीन महिन्यांनी सोलापूरला तपासणी झाली. विषाणू गेला होता. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी दोनवरून एकीवर आणल्या. साखर गेलेली नाही, पण आता ऐकते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं बोट टोचलं. आकडा आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच आक्का काठावर पास झाली होती. मला तो मोठ्यानं वाचवेना. मशीन तिच्यापुढं धरलं. तिला आता दिसतं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

"आक्का, तू खरं बोलत होतीस," मी म्हणालो.

"ते मला ठावं होतं," ती म्हणाली. बोटावरचा थेंब तिनं अंगठ्यानं दाबून धरला होता. "दर रविवारी चारचौघांत हसू करून घ्यायला कुणाला आवडतंय? म्हणलं, बोट देत राहावं. भाऊ इस्वास ठेवत न्हाय, न्हाय तर न्हाय. एक दिवस मशीन तरी ठेवंल. तेवढ्यासाठी येत होते म्या, पहिली."